पाण्याच्या दारापाशी दही

माझ्या वडिलांना मी निरोप दिला तो एका व्हिडिओ गेममध्ये. हे वाक्य ऐकले की माणसे ओशाळतात, घाईने विषय बदलतात, कुणी खांद्यावर हात ठेवते. तरीही मी ते मऊ करून सांगणार नाही.

वडील पहिल्या टाळेबंदीत गेले. सांगलीच्या घरी, दुपारच्या झोपेत. आम्ही नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला होतो आणि विमाने बंद होती. भावाने फोन हातात धरून मला स्मशानात नेले. कधी आभाळ दिसे, कधी कुणाची चप्पल, कधी मास्क लावलेला अनोळखी माणूस. चित्र थिजायचे, आवाज पुढे निघून जायचा. मला धुराचा वास आला नाही, जाळाची धग लागली नाही. माझ्या नाकात होता तो आमच्या स्वयंपाकघरातल्या लिंबाच्या साबणाचा वास. त्या स्वच्छ, सुखवस्तू वासात मला रडता येईना. तेवढ्यात आत्याचा, वडिलांच्या धाकट्या बहिणीचा, आवाज मात्र लख्ख ऐकू आला: “बघा, डोळ्यात टिपूस नाही. परदेशात राहून पोरीचं मनही कोरडं झालंय.”

आमच्या घरात प्रवासाला निघणाऱ्याच्या तळहातावर दही ठेवतात. आई फार लवकर गेली, त्यामुळे ते काम वडिलांकडे आले. मी परत निघाले की ते उंबऱ्याशी वाटी घेऊन उभे राहत. म्हशीच्या दुधाचे, चमच्याला चिकटून राहणारे गार दही. मी ते चाटून पदर शोधू लागले की म्हणत, “पुसू नकोस. तसंच वाळू दे.” विमानतळ येईपर्यंत बोटांच्या बेचक्यात तो आंबूस चिकटपणा राही. निघणारी नेहमी मी आणि देणारे ते. त्यांच्या निघण्याच्या वेळी त्यांचा तळहात रिकामा राहिला, हेच मला सलत होते. सांत्वनाला फोन करणारे सगळे म्हणत, “आता स्वीकारायला हवं.” जे मी माझ्या हाताने दिलेच नाही, ते संपले असे कसे स्वीकारायचे, हे त्यांच्यापैकी कुणी सांगितले नाही.

पुढच्या हिवाळ्यात शाळा पुन्हा बंद झाल्या. घराबाहेरचा कालवा शिशासारखा निपचित पडलेला असे. नवरा जेवणाच्या टेबलावर बसून चिप बनवणाऱ्या यंत्रांविषयी बैठका करी. अकरा वर्षांच्या लेकीने त्या दिवसांत एक गेम आणला. ती माझे मराठी सगळे समजते आणि उत्तर डचमध्ये देते. फारच चिडली तर इंग्रजीत. मी कवितेवर वाढलेली. पडद्यावरच्या तलवारींकडे मी नाक मुरडून पाहत असे. पण तिची ऑनलाइन शाळा सुरू झाली की खेळातला राहिलेला रस्ता माझ्या हाती येई, आणि हळूहळू तो रस्ता माझाच झाला.

पाण्याखाली गेलेला एक देश. आपण निरोप पोचवणारी एक मुलगी, आणि सोबतीला एक म्हातारा नावाडी. गावामागून गाव ओलांडत दोघांनी समुद्राकाठच्या पाण्याच्या दारापर्यंत पोचायचे आणि ते बंद करायचे. त्या खेळातला वल्ह्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. ओले लाकूड लाकडावर कुरकुरते, मग थेंब, मग शांतता. नावाडी माझ्या वडिलांसारखा मुळीच नव्हता. दाढीवाला, तिरसट, कुणाचे आभार न मानणारा. बोलण्याआधी तो खाकरत असे, साम्य म्हणाल तर तेवढेच.

पहिल्याच गावात एक म्हातारी शेळीचे दही विकत होती. पहिल्यांदा तिथून निघताना मी नावाड्याला दही दिले. मग प्रत्येक गावातून निघताना देऊ लागले. मला ते इतके साहजिक वाटले, की लढाया का हरतो आहोत याच्याशी त्याचा संबंध जोडायचे सुचलेच नाही. एके दिवशी लेक मागे येऊन उभी राहिली.

“तू त्याला काय खायला घालतेस?”

“दही.”

“आई! तो दिवसातून एकदाच खातो. रस्सा दे ना, ताकद येते. दह्याने काहीच होत नाही.”

“निघताना दही देतात.”

“हा गेम आहे.”

“हो, पण निघालाय ना तो?”

“यामर,” ती म्हणाली. बस चुकली, पेन हरवले, कुणी वारले, सगळ्याला इथली मुले हाच एक शब्द वापरतात. वाईट झाले, आणि पुढे चला.

मार्चमध्ये आम्ही पाण्याच्या दारापाशी पोचलो. तिथे कळले, की दार फक्त आतून बंद होते. कुणीतरी आत राहायला हवे. नावाडी खाकरला आणि त्याने वल्हे माझ्या हाती दिले. पडद्यावर प्रश्न उमटला: त्याला काही द्यायचे आहे का? मी पिशवी उघडली. सोन्याची औषधे होती, ताकदीचे रस्से होते, कुठल्याशा राणीचे कंकण होते. दही संपले होते.

मी पाठ फिरवली आणि परत निघाले.

“कुठे चाललीस?” लेक ओरडली.

“पहिल्या गावात. दही आणायला.”

“पण त्याने शेवट बदलत नाही. मी वाचलंय. काहीही दिलं तरी तो आतच राहतो.”

“माहीत आहे.”

नवऱ्याने एका कानातले यंत्र काढले. “अगं, लोकांनी त्याचा दुसरा शेवट बनवलाय. तो वाचतो त्यात. आत्ता गेममध्ये बसवून देतो, हाय काय अन् नाय काय!” त्याच्या बोलण्यात माया होती, आणि म्हणूनच मी जरा जोरात म्हणाले, “खबरदार, हात लावलास तर.”

त्याला वाटले असावे, मी हट्टाला पेटले आहे. पेटलेच होते. त्या वर्षभरात मला जो तो शेवट सुसह्य करून देत होता. ते सुटले म्हणत, झोपेत गेले म्हणत, वय झाले होते म्हणत. मला सुसह्य नको होते. शेवट होता तसाच राहू दे, कडू तर कडू. मला फक्त माझ्या हाताने वाढायचे होते.

बेडकाच्या तोंडाच्या त्याच राक्षसांशी लढत, त्याच लव्हाळ्यांतून वाट काढत मी मागे गेले. लेक आधी वैतागली, मग मुकाट्याने शेजारी बसली आणि नकाशा बघून वळणे सांगू लागली. म्हातारीकडून दही घेऊन आम्ही पुन्हा दाराशी आलो, तेव्हा खोलीत कोवळे, पातळ ऊन उतरले होते आणि भिंतीवरच्या हीटरच्या तापलेल्या रंगाचा वास येत होता. मी दही दिले. नावाड्याने खाल्ले आणि नेहमी म्हणायचा तेच म्हणाला: “आंबट आहे.” मग तो आत गेला. लाकूड लाकडावर कुरकुरले. पाणी ओसरले, चिखलातून जवाची हिरवी पाती वर आली, छपरे वाळली, मुले धावली. कुणीतरी त्याची होडी उपडी करून तिच्यावर कपडे वाळत घातले होते. देश वाचला होता, आणि त्यात तो नव्हता.

मी रडले. आवाज करून, नाक गळेपर्यंत, भर दुपारी. नवऱ्याने आपली बैठक म्यूट केली. लेकीने “यामर” म्हटले नाही. ती नुसती टेकून बसली.

दुसऱ्या दिवशी वडिलांचे वर्षश्राद्ध होते. पुन्हा फोन, पुन्हा तोच पडदा. माझे सुजलेले डोळे बघून आत्या म्हणाली, “आता रडून काय उपयोग? तेव्हा रडायचं होतं.”

मी सरळ सांगितले. गेम, नावाडी, पाण्याचे दार, सगळे. भाऊ म्हणाला, “ताई, गुरुजी बसलेत.” पलीकडे कुणीतरी हसले. “खेळातल्या बाहुल्यासाठी रडलीस होय?” आत्या म्हणाली.

“बाहुल्यासाठीच. त्याच्या हातावर मला दही ठेवता आलं, आत्या. बाबांच्या हातावर तुम्ही कुणी ठेवलंत?”

गुरुजींची पळीसुद्धा थांबली असावी. आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मी नजर खाली घेतली नाही.

“कसलं दही होतं?” तिने विचारले.

“शेळीचं.”

“शेळीचं?” तिचा आवाज चढला. “अगं, तुझ्या बापाला गाईचंसुद्धा चालत नव्हतं!”

“त्या गावात म्हैस नव्हती, आत्या.”

ती काहीतरी पुटपुटत उठली. चित्र थिजले, पण आवाज पुढे चालत राहिला, आणि त्या आवाजात मला फडताळ उघडल्याचे ऐकू आले, वाटीवर चमचा वाजल्याचे, आणि तिने भावाला दटावल्याचे: “सरक जरा. तिच्या नावानं ठेवते इथं. म्हशीचं.”