कानामागची तीट

मी आज जो काही आहे, तो वडगाव रासाईच्या माझ्या मामांमुळे. पाचवीपासून त्यांनी मला आपल्या घरी ठेवलं आणि पुढं दौंडला कॉलेजात घातलं. मेंढरांमागं न जाता पदवी घेतलेला आमच्या घरातला मी पहिला.

तरी लहानपणी मला त्यांच्या कानांची भीती वाटायची. ते उन्हात पाठमोरे बसले की कान निळे-काळे दिसत, आतून शाई भरल्यासारखे. बनियनला काखेत काळपट डाग पडत आणि मामींनी कितीही घासले तरी निघत नसत. माझ्या आईचे कानही तसेच. बहीणभाऊ ओट्यावर शेजारी बसले की मी मागून जायचं टाळायचो.

गेल्या वर्षी मामांना ऐकू येईनासं झालं. मी त्यांना दौंडला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी कानातून मळ काढला. तो डांबरासारखा काळा होता. मग त्यांनी कानाची पाळी दाबून पाहिली, नाकाच्या शेंड्यावर बॅटरी धरली. तिथंही आतून निळं दिसत होतं.

"मामा, हे कधीपासून?" डॉक्टरांनी कानाशी वाकून विचारलं.

"आईनं कानामागं काजळाची तीट लावली हुती. तिशीनंतर वर आली. लईच मुरली बघा!" मामा हसले.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मोठ्यानं विचारलं, "लघवी थोडा वेळ तशीच राहिली तर काळी पडते?"

मामांचं हसू गेलं. "तुमाला कसं कळलं?"

"आईवडील नात्यातले?"

"व्हय. वडलांनी मामाचीच पोरगी केली. आमच्यात तशीच रीत हाय. आता माझी बी ह्या भाचेबुवाला द्यायची."

डॉक्टर माझ्याकडं पाहत राहिले.

पुण्याच्या तपासणीत आई आणि मामा, दोघांनाही एकच आजार निघाला. शरीरात एक द्रव्य मोडत नाही. ते कूर्चांत, म्हणजे कान-नाकातल्या मऊ हाडांत, साठून काळं पडतं, पुढं सांधे आणि पाठ झिजते. तो आईवडील दोघांकडून मिळाला तरच होतो. म्हणजे मी आणि मामांची मुलगी, दोघंही त्याचा अर्धा वाटा घेऊन जन्मलो होतो. आम्हाला त्रास नाही. आमच्या मुलांना होऊ शकतो.

त्या दिवसांत दौंड स्टेशनवर समोर उभ्या माणसांचे कानच मला दिसायचे. घरी आरशापुढं मी माझेही कान उजेडाला धरून पाहायचो.

साखरपुडा महिन्यावर आला होता. मळ काढूनही मामांना फोनवर ऐकू येत नव्हतं, म्हणून मी पत्र लिहिलं:

"ती. मामांस साष्टांग नमस्कार.

तुमचा शब्द मी पहिल्यांदाच मोडतो आहे. साखरपुडा करू नका. तिच्यात काही कमी नाही. तुमच्या आणि आईच्या कानांत जे आहे ते तीट नाही, ते रक्तातून आलेलं आहे, आणि आमचं लग्न झालं तर ते लेकरात उतरू शकतं. भावकी मला कृतघ्न म्हणेल, म्हणू द्या. हे पत्र तिच्याकडूनच वाचून घ्या. तिला हे माझ्याकडून कळावं. तिच्यासाठी नात्याबाहेरचं स्थळ बघायला मी तुमच्याबरोबर फिरेन. डॉक्टरांनी पाठीचा फोटो काढायला सांगितलाय. गुरुवारी न्यायला येतो, तयार राहा.

तुमचा भाचा"