सुशीलाबाई कोण, हे सरांना सांगताना

भामरे सरांची आणि माझी ओळख शाळेतली, असे म्हणायला हवे. पण खरी ओळख आमच्या खोलीत झाली. मी सुरतेत पालिकेच्या मराठी शाळेत पाचवीत होते. चार दिवस शाळेत गेले नव्हते, कारण आईने साड्यांना खडे चिकटवण्याचे काम घरी आणले होते आणि माल वेळेत द्यायचा होता. पाचव्या दिवशी सर दारात उभे. मी पलंगाखाली शिरले. सर आईला एका शब्दाने बोलले नाहीत. जमिनीवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "वहिनी, हे कसं चिकटवता, मला दाखवा बरं." मग त्यांनी स्वतः दोन ओळी खडे लावले. ते गेल्यावर आईने ते सगळे काढून पुन्हा लावले, इतके वाकडे होते. दुसऱ्या दिवशी मात्र तिने मला शाळेत पाठवले.

मूल गैरहजर राहिले की सर घरी जात. उधना, लिंबायत, डिंडोली इथल्या खानदेशी घरांत त्यांनी असा किती चहा घेतला, ते या गौरव अंकात इतर मंडळी लिहितीलच. सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त मला त्यांच्या ब्लॉगबद्दल लिहायला सांगितले आहे, कारण त्याचे संगणकावरचे काम मी बघते. होकार देऊन बसले खरी, पण ब्लॉगबद्दल लिहायचे तर एक गोष्ट लपवता येणार नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी सरांनी ब्लॉग सुरू केला. आपली माणसे सुरतेत कशी आली, कोणत्या गिरणीत लागली, घरात कोणती गाणी म्हणत, हे ते लिहीत. प्रत्येक लेखाच्या शेवटी वाचकाला एक प्रश्न असे. 'तुमच्या घरी कळण्याची भाकरी कोण थापत असे?' 'तुमची मुले कोणत्या भाषेत भांडतात?' सरांचे म्हणणे असे की लेख अर्धाच त्यांचा. उरलेला अर्धा वाचकांनी खाली लिहायचा.

लोक वाचत होते. बाजारात भेटले की म्हणत, "सर, लय भारी लिहिलं." सर म्हणत, "मग तिथं खाली लिहा ना. रस्त्यावर बोललेलं वाऱ्यावर जातं." कोणी भीत होते, कोणाला जमत नव्हते. सर लोकांच्या घरी जाऊन, शेजारी बसून, कुठे दाबायचे ते दाखवत. आमच्या शेजारचे लूमवर काम करणारे धनराजभाऊ तर हातच जोडत. "सर, मी रोज वाचस. पन तठे लिखाले माले धाक वाटस," असे म्हणत. सर हसून म्हणत, "धाक वाटतो एवढंच लिहा."

तरी महिनोन् महिने खालची जागा कोरी. रोज सकाळी सरांचा फोन यायचा, "कल्पना, कोणी आलं का?" मी म्हणायची, "नाही सर." एका सकाळी ते म्हणाले, "बंद करून टाकू. कोणी बोलतच नसेल, तर मी भिंतीशी किती बोलू?" त्या वर्षीच काकू, सरांच्या पत्नी, गेल्या होत्या. घरात सर एकटे. लिहिणेही थांबले तर ते दिवसभर काय करतील, या विचाराने मी घाबरले.

आता जे केले ते सांगते. मी पर्वत पाटियाच्या एका दुकानात साड्या ऑनलाइन चढवते. नवी साडी चढवली की पहिले चार अभिप्राय आम्ही दुकानातल्या मुलीच वेगवेगळ्या नावांनी लिहितो. 'कापड मऊ आहे', 'रंग फोटोसारखाच आहे'. पहिले चार दिसले की पाचवे खरे गिऱ्हाईक लिहायला धजते. वर्षानुवर्षे केलेल्या कामाची सवय. मी त्याच सवयीने सरांच्या लेखाखाली लिहिले. नाव घातले सुशीलाबाई बैसाणे आणि गाव सुरतेच्या टोकाचे सचिन. सरांचे गुडघे दुखतात, इतक्या लांब कोण जातेय, असा माझा हिशेब.

मुलांच्या भाषेच्या प्रश्नावर सुशीलाबाईंनी उत्तर दिले, 'सर, पोरे भांडतात गुजरातीत आणि रडतात अहिराणीत.' सरांनी ते वाक्य आठवडाभर भेटेल त्याला वाचून दाखवले. सरांचे उत्तर तर तासाभरात आले होते, नावानिशी आणि 'आपण' म्हणून. मग सुशीलाबाई दर लेखाला लिहू लागल्या. त्यांच्या नावाखाली मी माझ्या आईच्या गोष्टी लिहिल्या, ज्या मी माझ्या नावाने कधी लिहिल्या नसत्या. तेवढे खोटे नव्हते, नाव खोटे होते.

आणि झाले असे, की सुशीलाबाईंचे बघून लोक लिहू लागले. धनराजभाऊंनी खरोखरच 'धाक वाटस' एवढेच लिहिले. मग उधन्याच्या एका आजींनी नातीकडून लिहवून घेतले. हळूहळू रोज कोणी ना कोणी येऊ लागले. मला हायसे वाटले. आता सुशीलाबाईंची गरज नाही, असे म्हणून मी त्यांना गप्प केले.

सर हजेरी घेणारे शिक्षक आहेत, हे मी विसरले. तीन लेख सुशीलाबाई आल्या नाहीत, तेव्हा सरांनी विचारले, "आजारी असतील का गं?" मी म्हटले, "गावी गेल्या असतील." एका दुपारी सर दुकानात आले. शर्ट घामाने चिंब, चेहरा लालबुंद. मी पाणी दिले. म्हणाले, "सचिनला गेलो होतो. तीन सोसायट्या फिरलो. बैसाणे नावाची एक बाई भेटली, पण ती सुशीला नाही. एकटी बाई असेल, अंथरुणाला खिळली असेल, तर कोणाला कळणार?" बोलताना त्यांना धाप लागत होती. मी पंखा त्यांच्याकडे वळवला, एवढेच. जाताना म्हणाले, "रविवारचा कार्यक्रम झाला की सोमवारी पुन्हा जातो. तिथल्या गिरणीची पाळी सुटताना फाटकावर उभा राहतो. बायकांना विचारलं की पत्ता लागेल." रविवारच्या सत्काराच्या समितीला त्यांनी पहिल्या रांगेत सुशीलाबाईंसाठी एक खुर्ची ठेवायलाही सांगितले आहे.

तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. या उन्हात, रक्तदाबाची गोळी खिशात ठेवून, हा माणूस नसलेल्या बाईला शोधत फिरणार. या लेखाचा कच्चा मसुदा संपादक पवारकाकांना दाखवला तेव्हा ते म्हणाले, "पोरी, गौरव अंकात कबुलीजबाब छापतात का? जाऊन तोंडानं सांग." दोनदा सरांच्या दारापर्यंत जाऊन आले. जमले नाही काका. छापलेले मात्र परत घेता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

मला माझ्यावरच्या रागाची भीती नाही. भीती आहे ती याची, की सरांना वाटेल, बाकीचेही असेच असतील, सगळे कल्पनानेच रचले असेल. तसे वाटले तर ते पुन्हा एक ओळ लिहिणार नाहीत. म्हणून हा अंक हाती घेतलेल्या सर्वांना हात जोडून विनंती आहे. ज्यांनी सरांच्या लेखाखाली कधी काही लिहिले असेल, मग ते दोनच शब्द का असेनात, त्यांनी रविवारी सरांना भेटून सांगावे की 'सर, तो मी', 'सर, ती मी'. धनराजभाऊ, तुम्हीसुद्धा. ज्यांनी नुसतेच वाचले, त्यांनी आता लिहावे, स्वतःच्या नावाने. चुकले तर चुकू द्या.

सर, आपण शतायुषी व्हावे, गुडघ्यांनी साथ द्यावी आणि आपल्या प्रश्नांना उत्तरे येत राहावीत, ही मनापासून प्रार्थना. सोमवारी सचिनला जाऊ नका. सुशीलाबाई ठणठणीत आहे. त्या दिवशी मी सुटी काढली आहे, घरीच आहे. रागवायला आलात तरी चालेल सर, पण या.

— कल्पना पाटील