इरईवरचा पाणचिरा

त्या सकाळी इरई नदीवर पाणचिरा होता आणि तो मी पाहिला होता. कित्येक वर्षं मी नाही म्हणत होतो.

चंद्रपुरात आम्ही पाच-सहा जण हिवाळ्यात दर रविवारी नदीकाठाने पक्षी मोजायचो. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो, म्हणून नोंदवही माझ्याकडे. नियमही माझाच: दुर्मीळ पक्षी दोघांनी पाहिला तरच वहीत चढेल.

त्या दिवशी धुकं होतं. बाकीचे पुलाकडे गेले होते. माझ्यासोबत एकटा खाणीतला फिटर होता. पक्ष्यांवरचं पुस्तक त्याने कधी उघडलं नसेल, पण नजर घारीची. त्याने एकदम माझा दंड धरला.

"सर, पाणचिरा!"

मी दुर्बीण लावली. काळी पाठ, नारिंगी चोच, चोचीचा खालचा भाग वरच्यापेक्षा लांब. तो पाणी चिरत आमच्या दिशेने आला, वळला, धुक्यात गेला. या पक्ष्यासाठी मी कित्येक हिवाळे काठ तुडवला होता. तो आधी दिसला त्याला.

"दिसला ना, सर?"

दुर्बीण डोळ्यांवरून न काढताच मी म्हणालो, "नाही. साधा नदीसुरय असेल."

बाकीचे परतले. त्याने सांगितलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोही पाहत होता. मी मान हलवली.

"रात्रपाळी करून आला काय बे?" कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. तेव्हाही बोलता आलं असतं. मी खाली बघून बगळ्यांचा आकडा लिहिला.

पुढे त्याचं नावच 'पाणचिरा' पडलं. "काय पाणचिरा, आज मोर पोहताना दिसला काय?" दोन रविवार त्याने ऐकून घेतलं. मग तो यायचा थांबला.

यंदा कळलं, काचबिंदूने त्याची नजर जवळजवळ गेली आहे. मी त्याच्या घरी गेलो आणि चहा येण्याआधीच सगळं सांगून टाकलं.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. "तुमची दुर्बीण त्याच्यासंगंच फिरली ना."

"मग बोलला का नाहीस?"

"कोणाले खरं वाटलं असतं? वही तुमच्याजवळ होती." त्याने तोंड माझ्याकडे वळवलं. "अन् घरात येऊन काऊन सांगता, सर? लोकं त नदीवर हासले होते."

पुढच्या रविवारी त्याला स्कूटरवर मागे बसवून नदीवर नेलं. सगळ्यांसमोर बोललो. कुणी हसलं नाही, कुणी माझ्याकडे पाहिलंही नाही. आता वही सांभाळणारी मुलगी हळूच म्हणाली, "सर, इतकी जुनी नोंद आता नाही घेता येणार."

तो पाण्याकडे तोंड करून उभा होता. "आता काय आहे तिथं?" त्याने मला विचारलं.

"चक्रवाक. अकरा."

"नीट मोजा, सर."

मी पुन्हा मोजले. बारा होते.