दबक्या पावलांचं घर

माझा नवरा मालगाडीचा ड्रायव्हर. हल्ली लोको पायलट म्हणायचं असतं, पण त्याने झोप काही वाढलेली नाही. रात्र इंजिनात काढून तो सकाळी घरी येतो आणि दिवसा झोपतो. झाशीतल्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्या झोपेइतकं पवित्र दुसरं काही नाही. तो आडवा झाला की फाटकाला लाल फडकं बांधायचं, ही सासऱ्यांच्या वेळची पद्धत. तेही ड्रायव्हरच, भुसावळहून बदलीवर आले आणि इथेच राहिले. फडकं दिसलं की भाजीवाला ओरडायचा थांबतो आणि फाटकावर एका बोटाने टकटक करतो. दूधवाला चोरासारखा येतो. घरात चपला नाहीत, कुकर नाही, मिक्सर नाही. सासूबाई जपमाळसुद्धा पदराखाली ओढतात, मणी वाजू नयेत म्हणून.

या व्यवस्थेत दोन कुत्री राहतात. म्हातारी पांढरी कुत्री जवळजवळ बहिरी आहे. दुसरा तपकिरी देशी कुत्रा लेकीने लक्ष्मी गेटजवळून ओढणीत गुंडाळून आणला. आणला तिने, सांभाळते मी. भाजीवाल्याने टकटक केली की तो जीव खाऊन भुंकतो, आणि तो भुंकताना दिसला की म्हातारीही, काही ऐकू आलेलं नसताना, साथ देते.

जानेवारीत एका सकाळी नवऱ्याने चहाचा कप तसाच खाली ठेवला.

“काल समोर पिवळा सिग्नल होता,” तो म्हणाला, “आणि काय करायचं ते मला दोन क्षण आठवेना.”

इतक्या वर्षांत असं त्याने कधी सांगितलं नव्हतं. दिवसाची झोप रोज त्या भुंकण्याने मोडत होती. मग तो म्हणाला, “हा कुत्रा जायला हवा.”

त्याच्या बरोबरीच्या एका ड्रायव्हरची बरुआसागरच्या पुढे शेती आहे. भाऊ-भावजय ती बघतात. दोन दिवस तिथे जायचं आणि कुत्र्याला तिथेच ठेवून यायचं, असं ठरलं. लेकीला फक्त सहल एवढंच सांगितलं. मी विरोध केला नाही. मालगाडी आणि कुत्रा यांत निवडायचं तर मला फार विचार करावा लागत नाही.

गाडीत सासूबाई पुढे बसल्या, कारण कुत्र्यांचे केस त्यांच्या सोवळ्याला चालत नाहीत. मागे मी, माझ्या दोन्ही बाजूंना एकेक कुत्रं, आणि खिडकीशी कानात इयरफोन घालून लेक. बेतवा ओलांडायच्या आधीच तपकिरी माझ्या शालीवर ओकला.

“मम्मी, खिडकी खोल देतीं ना,” लेक म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं. उत्तर हिंदीतच येतं आणि मदत कोणत्याच भाषेत येत नाही.

शेतावर शांतता असेल अशी माझी कल्पना होती. गव्हाला पाणी चालू होतं, त्यामुळे डिझेलचा पंप दिवसभर धडधडत होता. ट्रॅक्टर येत होता, जात होता. शेती बघणाऱ्या भावजय, म्हणजे भाभी, या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाशी बोलायच्या. म्हशी होत्या, त्यांना गप्प बसा कोण सांगणार? माझ्यापुढे हिरव्या वाटाण्याच्या शेंगांचा ढीग आला आणि मी सोलत बसले. माझी सहल ती.

नवरा पंपापासून दहा पावलांवर खाटेवर आडवा झाला आणि दुपारी चारपर्यंत हलला नाही. तपकिरी कुत्रा खाटेखाली पसरलेला. दिवसभरात एकदाही भुंकला नाही.

“भैयाजी तो ऐसे सो रये जैसे घर में सोने नईं मिलत,” भाभी म्हणाल्या. “छोड़ जाओ कुत्ता। इते मजे में रहेगा।”

सासूबाईंनी लगेच मान डोलावली. विषय तिथेच संपला असता. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मला माझा चष्मा हवा झाला, आणि तो खाटेखालच्या पिशवीत होता. नवरा पुन्हा झोपलेला. मी सवयीने चपला काढल्या आणि श्वास रोखून, चवड्यांवर चालत खाटेकडे गेले. पंप एवढा धडधडत असताना चवड्यांवर! कुत्रा ताडकन उठला आणि थेट माझ्या तोंडावर भुंकला. मागून म्हातारी सुरू झाली.

नवरा खडबडून उठला. “बघितलंस? इथेच सोडायचं याला!”

मी तिथेच उभी राहिले. मग चपला घातल्या, विहिरीपर्यंत गेले आणि पाय आपटत, खोकत परत आले. कुत्र्याने एक डोळा उघडला आणि मिटला.

“अहो, तो आवाजावर भुंकत नाही,” मी म्हटलं. “लपतछपत येणाऱ्यावर भुंकतो. आपल्या घरी सगळे लपतछपतच येतात.”

“म्हणजे चूक आमची?”

“आपली आणि अख्ख्या कॉलनीची. मला आठ दिवस द्या.”

“चार,” तो म्हणाला. “नंतर मी स्वतः आणून सोडेन.” लेकीला तेव्हा कळलं की सहल कशासाठी होती. परतताना ती एक शब्द बोलली नाही, हिंदीतसुद्धा.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी मी फडकं बांधलंच नाही आणि उत्साहाच्या भरात मिक्सरवर चटणी वाटली. नवरा दारात येऊन उभा राहिला. “कुत्रा परवडला,” म्हणाला. एक दिवस वाया गेला. दुसऱ्या दिवशी शहाणपणाने मिक्सर बाजूला ठेवला, पण बाहेरचे लोक ऐकेनात. भाजीवाल्याला मी कोपऱ्यावर गाठून सांगितलं, “भैया, आज से चिल्लाकर आना।”

“भाभीजी, साहब नाराज़ हो गए तो?”

“साहब को मैं देख लूँगी।”

तो आला आणि लाजून टकटक केली. मग व्हायचं ते झालं. मी बाहेर जाऊन त्याच्यावर अशी ओरडले की शेजारणी डोकावल्या. तिसऱ्या दिवशी नवरा ड्यूटीवर होता. त्या वेळात मी दूधवाला, इस्त्रीवाला आणि शेजारची चार घरं गाठून, आवाज करतच या, म्हणून बजावलं. सगळ्यांनी माझ्याकडे, हिचं काहीतरी बिनसलंय, अशा नजरेने पाहिलं.

चौथ्या दिवशी तो सकाळी नऊला येऊन झोपला. दूधवाल्याने घंटी वाजवली. “मटर ले लो!” अशी आरोळी गल्लीच्या टोकापासून आली. मी कुकरच्या पाच शिट्ट्या होऊ दिल्या आणि प्रत्येक शिट्टीला कुत्र्याकडे पाहत राहिले. तो दारात पडून पायाचा पंजा चाटत होता. अडीच वाजता ड्रायव्हरांना गाड्या नेमून देणाऱ्या लॉबीतून ड्यूटीचा फोन आला तेव्हाच नवरा उठला.

“साडेपाच तास,” तो घड्याळाकडे बघत म्हणाला. “राहू दे त्याला.”

लेकीने कुत्र्याला मिठी मारली. सासूबाई मात्र देव्हाऱ्यापुढे जाऊन बसल्या. मी जेवायला बोलवायला गेले.

“म्हणजे माणूस आवाजातही झोपतो,” त्या म्हणाल्या.

“झोपतो ना, आई. बघितलंत की.”

“आणि मी यांच्या वेळी पोरं रडायला लागली की तोंडावर हात धरून मागच्या अंगणात पळायचे. रेडिओ म्हणून लावला नाही कधी. एवढी वर्षं.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू त्यांना चवड्यांवर मीच चालवलं होतं. “कोणी सांगितलं नाही.”

मी म्हटलं, आमटी गार होतेय.

आता त्या दुपारी एक वाजता टीव्ही लावतात. कीर्तन, मग मालिका, मग नागपूरच्या बहिणीला फोन, आणि बहिणीला कमी ऐकू येतं. नवरा पलीकडच्या खोलीत घोरतो. कुत्री घोरतात. फडक्याच्या त्या काळात जेवणानंतर मीसुद्धा अर्धा तास पाठ टेकत असे. दिवसभरात तेवढीच विश्रांती. ती गेली.

काल न राहवून मी म्हटलंच, “आई, जरा आवाज कमी करा ना.”

त्यांनी रिमोट मांडीखाली सरकवला. “कमी केला तर कुत्रा भुंकेल,” म्हणाल्या.