इंजिनाला घरचं तेल

आमच्या घरात एक काळ असा होता, की भाजीत तेल कमी पडायचं आणि इंजिनात मात्र बरोबर पडायचं. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण वाटी भरून देणारी मीच होते, त्यामुळे मला नक्की माहीत आहे.

माझं सासर अंबड-घनसावंगी रस्त्यापासून जरा आत. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांची पिठाची गिरणी होती, घराच्या पुढच्या खोलीत, डिझेल इंजिनावर चालणारी. गावात विजेवरची दुसरी गिरणी आली तेव्हा लोक म्हणाले, आता म्हाताऱ्याचं संपलं. पण लोडशेडिंगने मामांना तारलं. दुपारी लाइट गेली की त्या गिरणीपुढची अख्खी रांग डबे उचलून आमच्या ओट्यावर यायची. मामा हँडल मारून इंजिन चालू करायचे, पट्टा चढवायचे आणि बायकांवर ओरडायला सुरुवात करायचे. "ज्वारी ओली आणली का गं? दगडाला चिकटून राह्यली ना सगळी!" बायकाही काही कमी नव्हत्या. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, मामांशी मनापासून भांडणारं माणूस घरात उरलं नव्हतं. ते भांडण त्यांना ओट्यावर मिळायचं. मला वाटतं, त्यांना जेवण त्यामुळेच जात होतं.

डिझेलच्या बाबतीत मामा अगदी सोवळ्यातले. अंबडहून कॅन आला की तो कोपऱ्यात ठेवायचा, त्याला कुणी हात लावायचा नाही. पाणी आणि गाळ तळाला बसला की वरचं डिझेल जुन्या फेट्याच्या चौपदरी फडक्यातून गाळायचं आणि खालचं तसंच सोडून द्यायचं. मी चहासुद्धा इतक्या निगुतीने कधी गाळला नाही. पण रॉकेल काही फडक्यात अडकत नाही. त्या वर्षांत कुठल्या डिझेलमध्ये कुणी किती रॉकेल ओतलं असेल, याचा काही नेम नव्हता. तसलंच डिझेल एकदा पोटात गेलं आणि इंजिनात डिझेल सोडणारा पंप निकामी झाला. नवा पंप येईपर्यंत ओटा रिकामा राहिला.

पंप ह्यांनी आणला, म्हणजे माझ्या नवऱ्याने. पण आणताना बापाला बजावलं, "दादा, ह्ये शेवटचं. आता पंप गेला तर इंजिन भंगारात देऊन टाकीन. त्या खोलीत किराणा टाकू." हे एकदा बोलले की बोलले. मामा गप्प बसलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले आणि मला नवऱ्याचा असा राग आला, की मी त्यांना चहा आधणाएवढा गरम दिला.

पंप बसवायला अंबडचे मिस्त्री आले होते. घरात उर्दू, बाहेर आमची मराठी, आणि तोंडाला विश्रांती नाही. जाताना म्हणाले, "चाचा, इंजिन बिलकुल चांगलं हाय. खराबी डिझलमधी हाय. रॉकेलवालं तर सोडाच, पण आता नवं साफ डिझल येऊन राह्यलं ना, त्ये बी कोरडंच. पयल्यावानी चिकनाई न्हाई त्याच्यात. पंपाला तर चिकनाईच पायजे." एवढं बोलून ते गेले, पण मामांच्या डोक्यातून ती चिकनाई काही गेली नाही.

दोन-चार दिवसांनी मामा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. एरवी ते उंबऱ्यापाशी खाकरूनच बोलायचे, आत येत नसत.

"पोरी, करडीचं तेल दे वाटीभर."

"कशाला मामा? पाय दुखतेत का?"

"माझे न्हाई."

मला कळायला वेळ लागला नाही. मी म्हटलं, इंजिनाला लागतं तसलं तेल दुकानातून आणू की. मामा म्हणाले, "इकतच्या तेलाचा काय भरवसा? डिझलमधी रॉकेल घालत्यात, मंग तेलात काय घालत न्हाईत? ह्ये आपल्या रानातलं हाय. घाण्यावर माझ्या डोळ्यापुढं काढलंय." आमची करडी शुद्ध होती, हे खरंच होतं. मी वाटी भरली. मग दर कॅनला एक वाटी, असा रिवाजच पडला.

पंप कसा चालला होता देव जाणे, पण वास सुटायला लागला. इंजिन तापलं की गल्लीभर भजी तळल्याचा घमघमाट. समोरच्या म्हातारीने दोनदा घरात डोकावून पाहिलं, आमच्याकडे रोज कसला सण म्हणून. माझीच लेकरं पहिल्या दिवशी ताटल्या घेऊन बसली. मामा सगळ्यांना एकच सांगायचे, "नवं डिझल हाय, असंच वास मारतं." ह्यांनी एकदा जेवताना कोरडी भाजी चिवडत विचारलं, "तेल जल्दी संपून राह्यलं का आजकाल?" मी म्हटलं, लेकरं मोठी होताहेत. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा घास घेतला.

मग थंडी पडली. भोगीच्या आदल्या दिवशी सकाळपासूनच लाइट नव्हती आणि ओटा बाजरीच्या डब्यांनी भरला होता. मामांनी हँडल मारलं. इंजिनाने दोन काळ्या गुळण्या टाकल्या आणि गप्प झालं. मामा मारत राहिले, घामाने सदरा भिजला. एरवी टोमणे मारणारी एक जण हळूच म्हणाली, "मामा, बसा थोडं." मामा पोत्यावर बसले. मी जवळ गेले तर बारीक आवाजात म्हणाले, "पोरी, पंप गेला." मला रडूच आलं.

ह्यांनी अंगणातून सगळं पाहिलं, मोटारसायकल काढली आणि अंबडला गेले. मिस्त्रीला आणायला की भंगारवाल्याला, विचारायची माझी छाती झाली नाही. मी देवापुढे दिवा लावला. तेलाचा लावायला हात धजेना, तुपाचा लावला.

मागच्या सीटवर मिस्त्री दिसले तेव्हा जिवात जीव आला. त्यांनी नोझल काढलं. डिझेल जिथून बारीक फवारा होऊन आत जातं, ते तोंड तपकिरी चिकट्याने बुजलं होतं. मी चहा घेऊन उभी होते, मला तो चिकटा लगेच ओळखू आला. माझ्या तेलाच्या बरणीच्या काठावर तोच बसतो, सोड्याच्या कढत पाण्याशिवाय हटत नाही. मिस्त्रींनी तो बोटावर घासला, हुंगला, मामांकडे पाहिलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहात पाहिलं. मग मिस्त्रींनी पंप उघडला.

"पंपाला तर ओरखडा बी न्हाई. नवाच्या नवा हाय. बस, नोझल आन् फिल्टर जाम झालंय."

"कशानं?" ह्यांनी विचारलं.

जन्मात न थांबलेले मिस्त्री घटकाभर थांबले. "आजकालचं डिझल, भाऊ. काय काय निघंल त्याच्यातून, सांगता येत न्हाई."

ह्यांनी ते नोझल हातात घेतलं, नाकाशी धरलं आणि धुऊन बसवायला मिस्त्रींना परत दिलं. मग बाहेर गेले. मोटारसायकलच्या हँडलला एक पिशवी लटकत होती, अंबडहून येतानाच आणलेली. तिच्यातून नवा फिल्टर आणि इंजिनात घालायच्या तेलाचा एक बंद डबा काढून त्यांनी मामांपुढे ठेवला.

"दादा, चिकनाई पायजे तर ह्ये घालत जा. करडीचं आमाला खाऊ द्या."

मामांनी डबा उचलला, उलटा करून पाहिला, झाकणावरून अंगठा फिरवला.

"इकतचं हाय," ते म्हणाले. "भरवसा हाय का ह्याचा?"

"मी आणलंय दादा."

मामा लेकाकडे बघत राहिले. मग त्यांनी सील तोडलं, माझ्याकडून वाटी मागून घेतली आणि ओट्यावरच्या बायकांना ओरडून सांगितलं, डबे घेऊन बराबर रांगेत बसा म्हणून.