म्यानात अडकलेली तलवार

"मालक, जरा म्यान धरता का?"

हे वाक्य तो रस्त्यानेही म्हणायचा. सायकलची चेन निघाली, धानाचं पोतं उचलायचं झालं, की जाणाऱ्याला हाच सवाल. लोक हसत हसत हात लावायचे.

माझ्या शेताच्या धुऱ्याला त्याचा धुरा, बांधाला बांध. अड्याळकडचं आमचं गाव. तिथं दिवाळीनंतर मंडई, म्हणजे जत्रा भरते; तिच्या नाटकात तो गारदी व्हायचा, म्हणजे वाड्यात शिरून तरण्या पेशव्याला मारणारा भाडोत्री शिपाई. मोठ्या ऐटीत यायचा, तलवारीला हात घालायचा, अन् तलवार निघायचीच नाही. ओढून ओढून घाम फुटला की पेशव्यालाच म्हणायचा, "मालक, जरा म्यान धरता का?" पेशवा बिचारा भल्या घरचा. धरायचा. तलवार निघायची, अन् मंडपातलं हसू तिथंच गिळलं जायचं.

तलवार लाकडाची. नाटकाच्या सकाळी म्यानासकट ती शेतातल्या बोडीच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. लाकूड फुगायचं. "मले नाटक येत नाई, भाऊ," म्हणायचा, "म्हून खरंच अडकवतो."

पहिलं हसू माझ्या बायकोचं. ती हसली की बायकांची बाजू हसायची, मग सारा मंडप. तो पडद्याच्या फटीतून मला विचारायचा, "वहिनी आली का गा?"

"आली. पुढंच बसली."

"मंग मारतो."

पुढे पोरांची कमिटी झाली. "काका, गारदी जबरदस्त पायजे. तलवार सप्पकन निंगली पायजे. शिट्ट्या पडते."

"निहत्थ्या पोराले घेरून मारते, तो जबरदस्त?"

"लोकाले आवडते ना पण."

"म्हूनच सांगून राह्यलो. खुन्याले हासा लागते, लेकहो. नाई हासले तर तो मोठा होते. मंग त्याचे फोटो लावसान घरात."

म्यान ओलंच राहिलं.

बायको गेली त्या साली मी मंडईला जाणार नव्हतो. तो दारात आला. समजूत घालणं वगैरे काही नाही.

"तिच्या जागेवर तू बस. पयले तू हास."

"माझी बायको मेली, अन् तुले हासू पायजे?"

"हाव. रडू येऊन राह्यलं तर तिथं रड. आवाज तेवढा हासल्याचा काढ."

मी त्याला आईवरून शिवी दिली. अन् गेलो. तोंडातून जे निघालं ते हसू होतं की काय होतं, मला विचारू नका. मंडप हसला.

यंदा कापणीआधी तो तापाने गेला. कमिटीने गारदी एका तगड्या पोराला दिला. नाटकाची पेटी माझ्याच घरी असते. पोरं म्हणाली, "बाबा, यंदा तलवार कोरडी ठेवजा."

"हाव," म्हटलं, अन् सकाळी बोडीवर गेलो. लाकूड ते, वर वर येऊन राहिलं होतं. म्यानावर दगड ठेवला. दुपारी फडक्याने पुसून पेटीत घातली.

बायकोच्या जागेवर बसलो. पोरगा ऐटीत आला. शिट्ट्या पडल्या. त्याने तलवार ओढली. पुन्हा ओढली. मग कमिटीकडे पाहिलं. शिट्ट्या बंद झाल्या.

मी हसलो. एकटाच, मोठ्यांदा. तुम्ही तिथं असता तर म्हातारा बिघडला म्हणाला असता. मग मागून एक बाई हसली. मग दुसरी.

पोराला घाम फुटला. त्याने पेशव्याकडे पाहिलं, अन् बारीक आवाजात म्हणाला, "मालक, जरा म्यान धरता का?"