पाच चाळीसची हाजरी

सोमवार, १९ फेब्रुवारी २०१८. सकाळचे पाच चाळीस. लालबागच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बकुळाबाई येलवे पाटावर बसून डाव्या हाताच्या करंगळीने फोन चालवत होत्या. करंगळीनेच, कारण बाकीच्या बोटांना फोन दाद देत नसे. मसाल्याच्या दुकानात तीस वर्षं मिरच्यांची देठं खुडून त्यांच्या बोटांची टोकं इतकी निबर झाली होती की त्यांचा स्पर्श काचेला कळतच नसे.

"नमस्कार गणपत," त्यांनी वाचलं. "आज आपल्याकडे बारा मिनिटं आहेत का?"

"आहेत," खाटेवरून नवरा म्हणाला.

"तुमच्या घरी चारचाकी किती?"

"एकपण नाय."

"झालं. आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही, पुन्हा यावे."

"दुसरं बघ."

दुसरं दाढीच्या ब्लेडचं निघालं. ब्लेड किती दिवसांनी बदलता, या प्रश्नावर "धार जाईल तवा" असं उत्तर आलं. "अहो, आकडा पायजे," बकुळाबाई म्हणाल्या. "मग पंधरा." तेरा मिनिटांनी खात्यात चाळीस पॉइंट पडले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एकोणीस तारखेच्या चौकोनात बकुळाबाईंनी एक रेघ आणि एक टिंब काढलं. रेघ म्हणजे काम मिळालं. टिंब म्हणजे परत पाठवलं.

ही खूण चाळीस वर्षांपूर्वीची. त्यांचे यजमान भिवा येलवे तेव्हा गिरणीत, सूत कातायच्या रिंगखात्यात, बदली कामगार होते. बदलीवाल्याने रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी आला नाही तर त्याच्या जागी काम, नाहीतर घरी. नवीन लग्न झालेल्या बकुळाबाई साडेसातपर्यंत तवा चढवत नसत. साडेसातला नवरा जिन्यात दिसला नाही, म्हणजे काम मिळालं. मग भाकऱ्या थापून डबा धाडायचा. दिसला, तर दिनदर्शिकेत टिंब. जानेवारी ब्याऐंशीत संप सुरू झाला, तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या. संपानंतर गिरणीचं गेट अर्धंमुर्धं उघडलं आणि भिवा येलवे आठ महिने रोज तिथे जाऊन उभे राहिले. आठ महिन्यांत एकही रेघ नाही. पुढे त्यांनी भायखळ्याच्या बाजारात पंचवीस वर्षं पोती वाहिली. गुडघे गेले ते तिथे.

या गुडघ्यांपायीच विमानाचा विषय निघाला. भिवा येलव्यांना बुद्धगयेला जायचं होतं. गाडीने जायचं तर तीस तासांच्या आसपास, आणि पाऊण तास पाय दुमडून बसले तर त्यांना उठवायला दोन माणसं लागत. वडाळ्याच्या शाळेत शिकवणारी मुलगी सरोजिनी म्हणाली, "बाबा, विमानाची तिकिटं मी काढते." तिच्या घराचा हप्ता नुकता सुरू झाला होता. बाप म्हणाला, "तू काढायची नाय. आपल्या हाजरीनं जाऊ, नायतर राहू." हा विषय तिथेच मिटला असता. पण त्याच महिन्यात सरोजिनीने आपला जुना फोन आईला दिला आणि त्यात एका विमान कंपनीची जाहिरात होती. सर्वेक्षणं भरा, आमच्या दुव्यावरून खरेदी करा, ठरावीक पंपावर इंधन भरा, पॉइंट साठवा, तिकीट घ्या.

"कार्ड लागतं आई, क्रेडिट कार्ड," सरोजिनी म्हणाली. "त्याच्यावरच भराभर जमतात."

"त्याच्याशिवाय जमतात का?"

"जमतात. पण म्हातारी होशील."

"ते तर हायेच," बकुळाबाई म्हणाल्या.

बँकेचा माणूस दोनदा येऊन गेला. कार्ड घेतल्या घेतल्या पाच हजार पॉइंट, असं त्याने सांगितलं. बकुळाबाईंनी त्याला चहा पाजला आणि उधारीची वस्तू घरात नको म्हणून वाटेला लावलं. दोघांचं जाणं-येणं बुद्धगयेच्या वाटेवरच्या पाटण्यापर्यंत धरून छत्तीस हजार पॉइंट लागत होते. कर रोख भरायचा. तेवढे त्यांच्या पगारातून निघाले असते. पहिल्या दिवशी सहा पॉइंट मिळाले.

चार वर्षं हे चाललं. शेजारचा नाना टेंपो चालवतो. तो डिझेल भरताना पंपावर बकुळाबाईंचा नंबर सांगू लागला. चाळीत कुणाला कुकर, मिक्सर, मुलीच्या लग्नाची भांडी मागवायची झाली की ती त्यांच्या फोनवरून जाऊ लागली. तरी मुख्य कमाई सर्वेक्षणांचीच. ती सगळी मुंबईतल्या पैसेवाल्या पुरुषासाठी बेतलेली असत. नाना दारात उभा राहून ऐकायचा आणि कपाळाला हात लावायचा.

"वहिनी, दोन गाड्या सांग ना. कोण बघायला येतंय लालबागला?"

"आणि पुढं विचारलं, कुठं लावता, तर?"

"माझ्या टेंपोच्या बाजूला सांग."

"गणपतला विचारलंय ना, मग गणपतनं खरं सांगायचं," बकुळाबाई म्हणायच्या.

म्हणून त्या प्रश्न वाचत आणि उत्तर नवरा देई. घरातल्या खरेदीचा निर्णय कोण घेतं, या प्रश्नावर तो दर वेळी "बायको" म्हणे आणि सर्वेक्षण तिथेच बंद पडे. चार वर्षांत त्यांनी हे उत्तर एकदाही बदललं नाही.

आता हा गणपत. भिवा धर्मा येलव्यांना अख्खी चाळ गणपत म्हणून ओळखते. बहात्तर साली त्यांचा चुलत भाऊ गणपत आजारी होऊन महाडकडच्या गावी परत गेला आणि त्याचं बदली कार्ड भिवाने घेतलं. गिरणगावात असं सर्रास चालायचं. मस्टरवर गणपत, रेशनकार्डावर भिवा; पगार एकाला, साखर दुसऱ्याला. विमान कंपनीचा फॉर्म भरताना नाव विचारलं, तेव्हा बकुळाबाई थांबल्यासुद्धा नाहीत. इथे कामाचे पॉइंट पडणार होते. काम ज्या नावावर पडतं ते नाव गणपत. त्यांनी तेच लिहिलं. सरोजिनीने ते वाचलं, पण तिच्याही शाळेच्या दाखल्यात बापाचं नाव गणपतच होतं.

त्या एकोणीस तारखेला ब्लेडचे चाळीस धरून खात्यात छत्तीस हजार तीनशे ऐंशी पॉइंट झाले. बकुळाबाईंनी तिकीट काढायला घेतलं आणि चूक समोर आली. कंपनीने खातेदाराचं ओळखपत्र मागितलं. गणपत येलवे नावाचं सरकारी ओळखपत्र जगात कुठेही नव्हतं. खरा गणपत चौऱ्याहत्तर सालीच वारला होता.

आणि दिवस नऊच होते. पॉइंट चार वर्षं टिकतात. फेब्रुवारी चौदामध्ये मिळवलेले सहाशे दहा पॉइंट अठ्ठावीस तारखेला रात्री बारा वाजता पुसले जाणार होते. तसं झालं की आकडा छत्तीस हजारांच्या खाली. पुढच्या महिन्यात जेवढे येतील तेवढेच जुने गळणार. खातं कायम त्या रेषेखाली घुटमळत राहणार होतं.

त्यांनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. उचलणाऱ्या मुलाने सांगितलं की स्पेलिंग सुधारता येतं, माणूस बदलता येत नाही.

"माणूस तोच हाय," बकुळाबाई म्हणाल्या.

"नियम नाही मॅडम."

दिनदर्शिकेत टिंब. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, वेगळा आवाज, तेच उत्तर. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारीही तेच. नवरा खाटेवरून म्हणाला, "सोड गं. मी आठ महिने उभा राहिलो व्हतो. नाय घेतलं." बकुळाबाई म्हणाल्या, "तुमी गेटवर उभे व्हता. मी घरात बसलेय. मला काय तरास हाय?" आणि दुकानात निघून गेल्या. मसाल्याचे दिवस सुरू झाले होते. बायका मिरच्यांच्या गोण्या घेऊन लालबागला येऊ लागल्या होत्या आणि दिवसाला चाळीस किलोची देठं निघत होती.

शनिवारी, चोवीस तारखेला, फोन एका वरिष्ठ बाईंकडे गेला. नाव त्यांनी शांती सांगितलं. मराठी होत्या, पण बोलत होत्या गुडगावहून. त्यांनी खातं उघडलं आणि नोंदी वाचायला घेतल्या.

"मावशी, हे खातं कोण वापरतं?"

"आमी दोघं."

"यावर खूण आहे. आमच्या यंत्रणेला हे खातं माणसाचं वाटत नाही." त्या सावकाश बोलत होत्या, वाचता वाचता. "साधारण माणूस वर्षाकाठी दहा-पंधरा नोंदी करतो. यात चार वर्षांत सर्वेक्षणांचेच तीन हजारांच्या वर प्रयत्न आहेत. त्यातले दोन हजार तीनशे तर नाकारलेले. आणि सगळे पाच चाळीस ते सहा वीस. रोज. असं काम कॉम्प्युटरवर लावून ठेवतात लोक."

"पाच चाळीसला नळ जातो," बकुळाबाई म्हणाल्या. "मग हात मोकळा व्हतो."

"दिवाळीलाही?"

"व्हय. गणपतीच्या गर्दीत खाली फोन चालत नाय, तेवढे दिवस गच्चीवर जातो. ह्यांना जिना चढायला येळ लागतो म्हणून तवा हे पाच वीसलाच निघतात."

पलीकडे बोटं कळफलकावर चालल्याचा आवाज आला, मग थांबला.

"सहा डिसेंबरला काहीच नाही," शांती म्हणाल्या. "चौदा, पंधरा, सोळा, सतरा. चारही वर्षं. तो एकच दिवस रिकामा आहे."

"त्या दिवशी आमी दादरला असतो. चैत्यभूमीवर. लांबून लांबून माणसं येतात, त्यांना पाणी द्यायला. चार वाजताच निघतो घरून."

बकुळाबाईंना वाटलं लाइन तुटली. त्यांनी करंगळीने काच पुसून पाहिली. कॉल चालू होता.

"मावशी," शांती म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला होता, "मशीन सहा डिसेंबरला सुट्टी घेत नाही. ती खूण मी काढते. नावाचं मात्र माझ्या हातात नाही. भिवा आणि गणपत एकच, असं सरकारने कुठे लिहून दिलंय का?"

दिलं होतं. गिरणीची देणी घ्यायला शहाण्णव साली हेच सिद्ध करावं लागलं होतं, आणि त्यासाठी प्रतिज्ञापत्र करून राजपत्रात छापून आणावं लागलं होतं. खाटेखालच्या ट्रंकेत, दिनदर्शिकांच्या गठ्ठ्याखाली तो कागद होता. बकुळाबाईंनी गठ्ठा बाहेर काढला. अठ्ठ्याहत्तरपासून ब्याऐंशीपर्यंतच्या पाच आणि अलीकडच्या चार. नवऱ्याने त्यातली ब्याऐंशीची उघडली. जानेवारीच्या सतरा तारखेपर्यंत रेघा आणि टिंबं होती. पुढे कोरं होतं. मग त्याने सतरा सालची उघडून मांडीवर शेजारी ठेवली आणि बोट लावून एकेक चौकोन पाहत गेला. रोज प्रश्नांची उत्तरं त्यानेच दिली होती; सगळं एका जागी कधी पाहिलं नव्हतं. डिसेंबरपर्यंत यायला त्याला अर्धा तास लागला.

"एवढ्यांदा नाय म्हणाले आपल्याला?" त्याने विचारलं.

"व्हय."

"आणि आपण गेलो परत."

"तुमीच म्हणायचा, दुसरं बघ."

वही पाहावी तसा तो दोन्ही दिनदर्शिकांकडे आळीपाळीने पाहत राहिला. गिरणीत गणपतच्या नावावर दहा वर्षं हाजरी पडली; त्यातली किती मस्टरवर उरली आणि किती उडाली, हे त्याला कधीच कळलं नव्हतं. इथे एका न पाहिलेल्या कंपनीने पहिल्या दिवशीच्या सहा पॉइंटांपासून सगळं तारखेनिशी, मिनिटानिशी जपून ठेवलं होतं, आणि बायकोच्या टिंबांशी ते जुळत होतं.

सरोजिनीने रविवारी येऊन राजपत्राचं पान, आधार कार्ड आणि बदली कार्ड, असे तीन फोटो धाडले. बदली कार्डावरचा शिक्का पुसट झाला होता, पण गणपतच्या जागी डकवलेल्या फोटोतला तरुण भिवा ओळखू येत होता. खाली नाव गणपत. सोमवारी उत्तर नाही. मंगळवारी नाही. बकुळाबाईंनी दोन्ही दिवशी टिंब काढलं आणि पाच चाळीसला नेहमीप्रमाणे सर्वेक्षणं घेतली. मंगळवारी कपडे धुण्याच्या पावडरीचे तीस पॉइंट मिळाले.

बुधवारी, अठ्ठावीसला, दुपारी सव्वातीनला दुकानात फोन वाजला. हात मिरचीचे होते म्हणून त्यांनी शेजारच्या बाईला वाचायला सांगितलं. "आपल्या खात्यावरील नाव आता भिवा धर्मा येलवे असे आहे," तिने वाचलं. बकुळाबाईंनी हात धुतले, साबणाने दोनदा, आणि मालकाला सांगून घरी गेल्या. शाळा सुटल्यावर सरोजिनी आली. सहा वाजून दहा मिनिटांनी अठ्ठावीस एप्रिलची मुंबई ते पाटणा आणि दोन मेची परतीची तिकिटं निघाली. बुद्धपौर्णिमा तीस तारखेला आहे. कर बकुळाबाईंनी भरला. खात्यात साडेपाचशे पॉइंट उरले. रात्री बाराला त्यातले गळण्यासारखे काही नव्हते. जुने सगळे तिकिटात गेले होते.

नाना तिकिटाचा कागद पाहायला आला. त्याने तो दोन्ही हातांनी धरला, उलटा करून मागची बाजू पाहिली, परत सरळ केला.

"वहिनी, एकपण गाडी न सांगता?"

"एकपण नाय."

"च्यायला," नाना हळूच म्हणाला आणि कागद खाटेवर अलगद ठेवला.

नाव बदललं ते फक्त विमान कंपनीच्या खात्यात. सर्वेक्षणं पाठवणारी कंपनी वेगळी आहे आणि तिच्याकडे अजून जुनंच नाव आहे. ते बदलायला तीस दिवस लागतात. उद्या, गुरुवारी, एक मार्चला सकाळी पाच चाळीसला नळ गेल्यावर फोनवर पहिली ओळ येईल ती "नमस्कार गणपत" अशीच.